ब्रेक कुठे धरायचा? पहिल्या राष्ट्रीय रेसचे तीन दिवस

मराठीत 'रेस' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एक म्हणजे शर्यत आणि दुसरा म्हणजे ॲक्सिलरेटर. 'बंद पडतीय बघ, जरा रेस दे' हे गॅरेजमध्ये दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. त्यामुळेच की काय, मोटारसायकलच्या रेसमध्ये जो सगळ्यात जास्त रेस देतो तो जिंकतो, असा माझाही समज होता. माझा भाचा सतराव्या वर्षी पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेत उतरला तेव्हा मी सोबत गेलो. नात्याने मामा, कामाने पेट्रोलचे कॅन वाहणारा गडी. तीन दिवसांत तो समज पार धुऊन निघाला.

परत आल्यावर कराडात जो भेटेल तो एकच विचारायचा, 'कितवा आला?' आकडा सांगितला की समोरचा 'असू दे, असू दे, पुढच्या वेळी' म्हणून पाठ थोपटायचा, अगदी सांत्वनाला आल्यासारखा. तिथे नेमकं काय चालतं हे माहीत नसेल तर त्या आकड्याला काही अर्थच नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी जागा. देशातल्या मोटारस्पोर्टची शिखर संस्था म्हणजे एफएमएससीआय. तिच्या मान्यतेने इंडियन नॅशनल मोटरसायकल रेसिंग चॅम्पियनशिप होते आणि तिचा मुख्य अड्डा चेन्नईजवळ आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ सालचा. पूर्वी हा क्लब शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळच्या विमानांच्या धावपट्टीवर शर्यती भरवायचा. मग श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टैला त्यांनी स्वतःचा ट्रॅक बांधला, तो १९९० मध्ये सुरू झाला. लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणं १२. हल्ली नाव मद्रास इंटरनॅशनल सर्किट, पण पिटमधली, म्हणजे ट्रॅकलगत गाड्यांची तयारी चालते तिथली जुनी माणसं अजून 'एमएमआरटी'च (मद्रास मोटर रेस ट्रॅक) म्हणतात. कोइमतूरला एस. करिवर्धन यांच्या नावाचा कारी मोटर स्पीडवे आहे, तो २००३ चा आणि बराच लहान. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, २०२३ मध्ये मोटोजीपी ही मोटारसायकलींची जागतिक शर्यत झाली ती तिथेच. पण शिकाऊ पोरांची शाळा खऱ्या अर्थाने भरते ती तमिळनाडूत.

आपल्यासाठी गंमत अशी की कराडहून निघालं की हायवे सोडायचाच नाही. राष्ट्रीय महामार्ग ४८. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, तुमकूर, बेंगळुरू, मग टीव्हीएसचं गाव होसूर, वेल्लोर, आणि हजारेक किलोमीटरनंतर ह्युंदाईच्या कारखान्याच्या शेजारपाजारी त्याच रस्त्यालगत ट्रॅक. ज्या रस्त्यावर ताईने त्याला कधी स्कूटरसुद्धा नेऊ दिली नाही, त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला तो रेस करणार होता.

यात कायद्याचीही एक मजा आहे. गिअरची गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायला वय १८ लागतं. म्हणजे भाच्याला गिअरच्या गाडीवरून दूध आणायला जाता येत नाही, पण राष्ट्रीय स्पर्धेत उतरता येतं, कारण बंद ट्रॅक हा सार्वजनिक रस्ता नव्हे. त्यासाठी लागतं ते एफएमएससीआयचं स्पर्धा लायसन्स. आधी ट्रॅकवरचं रीतसर प्रशिक्षण, मग वैद्यकीय तपासणी, आणि अल्पवयीन असेल तर पालकांची संमती. ताईने त्या कागदावर सही केली तेव्हा पेन तिने दोनदा खाली ठेवलं होतं. बाकी, रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. घाटात गाड्या पिळणाऱ्यांनी स्वतःला रेसर म्हणवून घेऊ नये, हे माझं वैयक्तिक मत. घाटात समोरून ऊस भरलेली ट्रॉली येते. ट्रॅकवर येत नाही.

आता वर्ग. कुस्तीत जशी वजनं, तसे इथे इंजिनाचे सीसी. मोठ्या पोरांचा ३०१ ते ४०० सीसीचा प्रो-स्टॉक, त्याखाली १६५ सीसीचा प्रो-स्टॉक, मग नोव्हिस म्हणजे नवोदितांचा वर्ग, आणि मुलींचा वेगळा वर्ग. त्याच आठवड्याअखेरीस कंपन्यांच्या 'वन मेक' शर्यतीही असतात. वन मेक म्हणजे सगळ्यांना एकाच कंपनीची एकसारखी गाडी, त्यामुळे बापाचा पैसा कमी आणि पोराचा हात जास्त दिसतो. टीव्हीएस हे १९९४ पासून करतंय. होंडाचा टॅलेंट कप असतो, त्यात पूर्वी एनएसएफ २५० आर ही रस्त्यावर न मिळणारी, फक्त रेससाठी बांधलेली गाडी धावायची. पुण्याचा सार्थक चव्हाण शाळकरी वयात त्या टॅलेंट कपमधूनच वर आला. आमचा गडी मात्र नोव्हिस वर्गात, भाड्याच्या १६५ सीसीच्या गाडीवर.

'स्टॉक' म्हणजे शोरूममधून निघते तीच गाडी, नियमात बसतील तेवढेच बदल केलेली. आधी काढून टाकायच्या वस्तूंची यादी मोठी असते. आरसे, इंडिकेटर, हेडलाइट, स्टँड, नंबरप्लेट आणि साडी गार्ड. साडी गार्ड काढलेली गाडी मी प्रथमच जवळून पाहिली आणि ती एकदम उघडीवाघडी वाटली. मग येते तार. इंजिन ऑइलचा बोल्ट, ऑइल भरायचं झाकण, असं जे जे सैल होऊन ट्रॅकवर तेल सांडू शकतं त्याच्या डोक्याला बारीक भोक पाडून स्टीलची तार ओवायची आणि पिळून शेजारच्या भागाला बांधायची. बोल्ट सैल व्हायला लागला की तार ताणली जाते आणि त्याला फिरू देत नाही. दोन रुपयांची तार. पण ट्रॅकवर चमचाभर तेल सांडलं तर मागून येणारी सहा पोरं एका रांगेत आडवी होतील. गुरुवारी रात्री मेकॅनिक अण्णांनी मला पक्कड दिली आणि तार कोणत्या दिशेने पिळायची ते दाखवलं. त्यांना मराठी येत नव्हतं, मला तमिळ येत नव्हतं. मी दोनदा उलटी पिळली, त्यांनी दोनदा न बोलता कापली.

शुक्रवारी सकाळी स्क्रूटिनी. ही तपासणी म्हणजे आरटीओचं पासिंग समजा, फक्त इथले तपासनीस खरंच तपासतात. मूठ पिळून सोडली की झटकन मागे येते का, इंजिन बंद करायचं बटण चालतं का, तारा बांधल्यात का, ब्रेकच्या पाइपला घाम आलाय का. मग माणसाची पाळी. एकसंध लेदर सूट, पाठीला आणि छातीला संरक्षक, घोट्याच्या वर जाणारे बूट, मनगट झाकणारे हातमोजे, प्रमाणित हेल्मेट. हेल्मेटचा पट्टा ते स्वतः ओढून बघतात. भाच्याचा सूट वापरलेला, दुसऱ्या कुणाचा तरी होता, खांद्यावर घासल्याच्या खुणा होत्या. ताई त्या खुणांकडे बघत होती, मी तिला पाणी आणायला पाठवलं.

तपासणी झाली की सराव. इथे मला पहिल्यांदा कळलं की नवीन मुलाला आत सोडताना 'जोरात चालव' असं कुणी म्हणतच नाही. त्याचे सर म्हणाले, 'पहिल्या सेशनमध्ये मला तुझा वेळ नको. बारा वळणांच्या आधी तू काय बघितलंस ते सांग.' आणि तो बाहेर आल्यावर खरोखर वही उघडून बसवलं. ब्रेक धरायची खूण म्हणून प्रत्येकाला काहीतरी हलत नाही असं लागतं. अंतराची पाटी, डांबरातला जोड, कठड्यावरचा रंग. सावली चालत नाही, ती दुपारी सरकते. भाच्याने एका वळणाला 'मार्शल अण्णांची छत्री' असं लिहिलं होतं. मार्शल म्हणजे ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन उभा असतो तो. सरांनी ते खोडलं. अण्णा जेवायला गेले तर?

आता ब्रेकचं गणित, कारण सगळी गोम तिथेच आहे.

समजा सरळ पट्टीवर गाडी ताशी १३० ला आहे आणि पुढचं वळण ६५ ला घ्यायचंय. चांगला टायर, कोरडा ट्रॅक, पूर्ण ताकदीचा ब्रेक. तरी वेग तिथपर्यंत यायला साधारण ६० मीटर आणि सव्वादोन सेकंद लागतात. आता ब्रेक धरायला ०.२ सेकंद उशीर झाला, म्हणजे जेमतेम पापणी लवली, तर तेवढ्यात गाडी ७ मीटर पुढे गेलेली असते. लवकर धरला तर मागचा तुमच्या आधी वळणात घुसतो. उशिरा धरला तर वळण चुकतं. या सात मीटरच्या आतबाहेर सगळी स्पर्धा असते. मूठ पूर्ण पिळायला धाडस लागत नाही, सरळ पट्टीवर आजोबाही पिळतील. ती सोडून ब्रेक नेमका कुठे धरायचा यातच डोकं आणि धाडस दोन्ही लागतं.

ब्रेक धरला की वजन पुढे येतं. आपण बसमध्ये पुढच्या सीटवर आपटतो तसंच. त्यामुळे पुढचा टायर जमिनीत दाबला जातो, त्याची पकड वाढते, आणि मागचा जवळजवळ अधांतरी होतो. म्हणून रेसमध्ये थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. आपल्याकडे गाडी शिकवताना 'पुढचा ब्रेक मारू नको, पडशील' असं सांगतात. रेतीवर, गाडी वळवलेली असताना, ते खरंही आहे. पण त्या शिकवणीने पोरांच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची घाबरट होतात, आणि अकादमीत पहिले दोन दिवस ती भीती काढण्यातच जातात. तोही ब्रेक एकदम मारायचा नसतो. लिंबू पिळताना जसा जोर हळूहळू वाढवतो, तसा दाबायचा.

मग वळण. टायरची पकड ही एका भाकरीसारखी समजा. ब्रेकलाही त्यातलीच हवी, वळायलाही त्यातलीच, वेग वाढवायलाही त्यातलीच. सरळ असताना अख्खी भाकरी ब्रेकला द्या. गाडी जसजशी कलेल तसतसा ब्रेकचा घास कमी करत वळणाला द्यायचा. दोघांनाही पोटभर द्यायला गेलात की भाकरी संपते आणि माणूस डांबरावर बसतो. ब्रेक एकदम न सोडता कलत्या गाडीत हळूहळू सोडत जायचं, ही रेसिंगमधली सगळ्यात अवघड कला. वर्षानुवर्षं लोक तीच घासत बसतात.

कलण्याचंही गणित सोपं आहे. ५० मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ८० ने जायचं तर सुमारे ४५ अंश कलावंच लागतं, मग गाडी कुठलीही असो. भौतिकशास्त्र कंपनी बघत नाही. टायरला रुंदी असल्यामुळे प्रत्यक्षात गाडी थोडी जास्तच कलते. मग कडेला गुडघा काढून, अर्धं बूड सीटच्या बाहेर काढून का बसतात? स्टाइल म्हणून नाही. माणूस आतल्या बाजूला सरकला की दोघांचा मिळून तोल आत जातो, आणि तेवढ्याच वेगाला गाडी थोडी कमी कलून भागतं. कमी कललेल्या टायरचा जमिनीला लागणारा भाग चांगला असतो. गुडघ्यावरचा प्लास्टिकचा तुकडा म्हणजे मोजपट्टी, जमीन किती जवळ आली ते सांगणारी. पोरांना मात्र तो घासलेला तुकडा घरी नेऊन मित्रांना दाखवायचा असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी गुडघा टेकवायच्या नादात लाईन, म्हणजे वळणातला आपला ठरलेला मार्ग, बिघडवणारे बरेच दिसतात. आमच्याकडचाही त्यात होता.

आणखी एक गोष्ट ऐकून मला सायकलपासूनचं सगळं आयुष्य उलटं झाल्यासारखं वाटलं. वेगात असताना डावीकडे वळायचं तर हँडलची डावी मूठ पुढे ढकलायची. म्हणजे चाक क्षणभर उजवीकडे वळतं आणि गाडी डावीकडे कलते. आपण सगळे हे नकळत करतो, रेसर जाणूनबुजून करतो. विश्वास बसत नसेल तर मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी चाळीसला अगदी हलकेच करून बघा. अगदी हलकेच.

शुक्रवार संपताना त्याचा सगळ्यात चांगला वेळ होता २ मिनिटं १४ सेकंद. एका सेशनचा वेळ तर लागलाच नाही, आणि त्याला मी जबाबदार. प्रत्येक गाडीला ट्रान्सपाँडर नावाची साबणाच्या वडीएवढी डबी लावतात. गाडी फिनिशच्या रेषेवरून गेली की डांबराखालच्या तारेला तिचा सिग्नल मिळतो आणि वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदला जातो. ती डबी मी तंबूत चार्जिंगला लावली आणि विसरलो. पोरगं वीस मिनिटं जीव तोडून धावलं आणि स्क्रीनवर त्याचं नावच नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, 'मामा, मी होतो ना रे ट्रॅकवर?' तो एरवी मला अहोजाहो करतो.

शनिवारी सकाळी क्वालिफाइंग. ठरावीक मिनिटांत हव्या तेवढ्या फेऱ्या मारा, त्यातला सर्वांत कमी वेळ धरला जाणार, आणि त्यावरून रेसला कुणी कुठे उभं राहायचं ते ठरणार. ऐकायला सोपं आहे. पण टायर गार असतात. मोठ्या वर्गांत टायरला विजेची गोधडी गुंडाळून आधीच तापवतात; आमच्या वर्गात ते लाड नव्हते. गार रबर कडक असतं, पकडत नाही. म्हणून पहिली फेरी जपून जायचं, टायर तापू द्यायचे. टायर तापला की आतली हवाही फुगते, म्हणून गार असताना दाब मुद्दाम कमी ठेवलेला असतो. पंपवाल्याकडे 'पस्तीस भर' म्हणणाऱ्या माणसाला हे पचत नाही.

सेकंदाची किंमतही इथेच कळते. दोन मिनिटांत एक फेरी म्हणजे सरासरी वेग ताशी १११ किलोमीटर. त्या वेगात एक सेकंद म्हणजे ३१ मीटर, आणि दशांश सेकंद म्हणजे तीन मीटर, दीड गाडीचं अंतर. भाच्याचा वेळ आला २ मिनिटं १०.४ सेकंद. कालपेक्षा जवळजवळ चार सेकंद कमी. त्याच्या पुढच्या तिघांचा वेळ त्याच्याहून अर्ध्या सेकंदाच्या आत कमी होता. तो २४ जणांत १९ वा. १०.४ च्या जागी ९.८ आला असता तर १६ वा.

ही चार सेकंद कुठून आली? इंजिन तेच, टायर तेच. सर म्हणाले, पाच वळणांत तो उगाच जास्त ब्रेक मारत होता. घाबरून उशिरा आणि जोरात धरायचा, मग मधे गाडी फारच हळू व्हायची, मग बाहेर पडताना इंजिनात दम नाही. छोट्या गाडीला वेग पुन्हा गाठायला अर्धी सरळ पट्टी जाते. म्हणून त्यांनी त्याला ब्रेक दोन गाड्यांच्या लांबीइतका आधी धरायला लावला, पण हलका, आणि सोडायला लवकर लावलं. आधी ब्रेक मारून पोरगं जोरात जायला लागलं. मी हे तीनदा समजावून घेतलं.

दुपारी पहिली रेस. नोव्हिसची रेस पाच-सहा फेऱ्यांची, जेमतेम पाव तासाची. आधी एक फेरी मारून सगळे आपापल्या आखलेल्या चौकोनात उभे राहतात. लाल दिवे लागतात. ते विझले की सुटायचं. विझायला दोन सेकंद लागतील की पाच, हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून अंदाजाने कुणी आधी सुटू शकत नाही. सुटला तर शिक्षा. क्लच अर्धवट सोडून, इंजिन ओरडत ठेवून ती दोन-चार सेकंदं उभं राहायचं. चेन्नईचा उन्हाळा, लेदरचा सूट, खालून इंजिनाची धग. ताईने कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

आणि मग वाऱ्याचा खेळ. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो कापायला ताकद आठपट लागते. १६५ सीसीच्या इंजिनात ताकद मुळातच थोडी, त्यामुळे सरळ पट्टीवर ती सगळी हवा ढकलण्यातच खर्ची पडते. पुढच्या गाडीच्या अगदी मागे, टाकीवर आडवं होऊन चिकटलात तर हवा तो कापतो आणि तुमची गाडी फुकटात दोन-चार किलोमीटरने जास्त पळते. म्हणून छोट्या गाड्यांच्या रेसमध्ये पोरं मुंग्यांच्या रांगेसारखी एकामागे एक दिसतात आणि शेवटच्या फेरीपर्यंत कोण जिंकणार ते कळत नाही. एकट्याने पुढे निघून जायला गेलेला बहुतेकदा दमछाक होऊन रांगेत परत येतो. मला विचाराल तर बघायला मोठ्या गाड्यांपेक्षा हीच रेस मजेची.

भाच्याची सुरुवात वाईट झाली, क्लच जास्त सोडला आणि पुढचं चाक उचललं गेलं. २२ वा. मग दोघांना मागे टाकलं. तिसऱ्या फेरीला पुढे दोघे एकमेकांना लागून पडले आणि पिवळे झेंडे हलायला लागले.

झेंडे हीच ट्रॅकवरची भाषा, कारण हेल्मेटमध्ये दुसरं काही ऐकू येत नाही. पिवळा हलला की पुढे धोका, वेग कमी करा आणि कुणाला ओलांडू नका. लाल म्हणजे शर्यत थांबली, सावकाश पिटमध्ये या. निळा म्हणजे मागून जोरातला येतोय, आपली लाईन सोडू नको, त्याला जाऊ दे. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे रस्ता निसरडा. काळ्यावर नारिंगी गोल आणि तुमचा नंबर दिसला तर तुमच्या गाडीत बिघाड आहे, ताबडतोब ट्रॅकबाहेर व्हा. बहुतेकदा तेलच गळत असतं.

पिवळ्याचा नियम इतका कडक का, ते सांगायला हवं. रेसमध्ये पडणं बऱ्याचदा घसरण्यासारखं असतं. टायर सुटतो, गाडी खाली जाते, माणूस लेदरवर घसरत खडीत जाऊन थांबतो आणि उठून गाडीकडे धावतो. दुसरा प्रकार वाईट. मागचा टायर आधी घसरतो आणि मग अचानक पकडतो, तेव्हा गाडी बैलासारखी माणसाला वर फेकते. पण खरा घात होतो तो पडलेल्या माणसावर मागची गाडी आली तर. २०२३ च्या ऑगस्टमध्ये याच ट्रॅकवर, याच स्पर्धेत, नवोदितांच्या शर्यतीत बेंगळुरूचा १३ वर्षांचा अतिशय गुणी मुलगा पडला आणि वाचला नाही. त्या आठवड्याअखेरीच्या उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. किती लहान वयात उतरवावं, हा वाद तेव्हापासून पिटमध्ये कधीच पूर्ण थांबलेला नाही. युरोपातले, जपानातले रेसर पाच-सहा वर्षांच्या वयात छोट्या गाड्यांवर बसतात, आपण उशिरा सुरू केलं तर कधीच गाठणार नाही, असं एक बाजू म्हणते. पण तिथे पोरं कार्टिंगच्या इटुकल्या ट्रॅकवर, गुडघाभर उंचीच्या गाड्यांवर पडायला शिकतात. ती मधली पायरीच आपल्याकडे नीट नाही, आणि पोर एकदम पावणेचार किलोमीटरच्या ट्रॅकवर येतं. मला ही दुसरी बाजू जास्त पटते, माझा भाचा उतरला असला तरी.

ते दोघे पडलेले उठून चालायला लागले. ताईने जाळी सोडली.

पहिली रेस तो १७ वा. रविवारच्या दुसऱ्या रेसला सुरुवात बरी झाली. चौघांच्या एका रांगेत अडकला आणि त्या रांगेतच सगळं शिकला. पुढच्याची हवा खायची, वळणाआधी बाजूला व्हायचं, ब्रेकवर आत घुसायचं. एकदा घुसला, पुढच्याच पट्टीवर परत मागे पडला. पुन्हा घुसला. शेवटी १४ वा. सगळ्यात जलद फेरी २ मिनिटं ७.२ सेकंद. जिंकलेला मुलगा त्याच्याहून प्रत्येक फेरीला पाचेक सेकंद जलद होता, आणि शुक्रवारच्या स्वतःच्या तुलनेत हा फेरीमागे जवळजवळ सात सेकंदांनी जलद. सात सेकंद म्हणजे दोनशे मीटर. शुक्रवारचा तो आणि रविवारचा तो एकत्र सुटले असते तर एका फेरीतच एकजण दुसऱ्याला दिसेनासा झाला असता.

हे 'कितवा आला' विचारणाऱ्याला उभ्या उभ्या कसं सांगणार? मी 'चौदावा' म्हणायचो आणि पाठ थोपटून घ्यायचो.

आल्यावर चार दिवसांनी माझी स्कूटर सर्व्हिसिंगला टाकायला स्टँडमागच्या मिस्त्रींकडे गेलो, भाचा मागे बसला होता. मिस्त्री सत्तरीचे, तरुणपणी मातीतल्या रेसा केलेले. त्यांनी कितवा आला ते विचारलंच नाही. कार्बोरेटर पुसता पुसता म्हणाले, 'सरळ पट्टी संपती तिथं ब्रेक कुठं धरतोयस?'

भाच्याचा चेहरा असा उजळला की मी गेल्या आठवड्यात पाहिला नव्हता. 'शंभरच्या पाटीच्या अलीकडं, दोन गाड्या.'

'आणि पहिला आलेला?'

'पाटीच्या पलीकडं. पण आजोबा, तो सोडतो कुठं माहितीय का?'

मिस्त्रींनी कार्बोरेटर फडक्यावर ठेवला आणि त्याच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.